सम्राटाची लग्ने आणि वंशावळीतला घोळ

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत तेराव्या शतकातला पवित्र रोमन सम्राट आणि सिसिलीचा राजा दुसरा फ्रेडरिक याच्यावरचा लेख वाचला. हा विषय मराठीत सहसा कोणी हाती घेत नाही, म्हणून लेखकाचे आभार. पण सोबतच्या वंशावळीत आजोबा आणि नातू यांची सरमिसळ झाली आहे. अडेलहाइड आणि बिआट्रिस या दुसऱ्या फ्रेडरिकच्या राण्या नव्हेत. त्या त्याच्या आजोबांच्या, म्हणजे तांबड्या दाढीच्या पहिल्या फ्रेडरिकच्या. अडेलहाइडशी त्याचे लग्न 1153 मध्ये जवळच्या नात्याचे कारण दाखवून रद्द करण्यात आले आणि 1156 मध्ये त्याने बरगंडीची वारसदार बिआट्रिस हिच्याशी लग्न केले. असा घोळ जर्मनांनीही घातलेला आहे. डोंगरात झोपी गेलेल्या सम्राटाची त्यांची दंतकथा मुळात नातवाची. पुढे ती आजोबांच्या नावावर चढली.

लेखात दुसऱ्या फ्रेडरिकची लग्ने रंगेलपणाच्या खाती टाकली आहेत, तेही पटत नाही. 1209 मध्ये तो अवघ्या 14 वर्षांचा होता. पोप तिसरा इनोसंट याने जुळवलेली वधू, अ‍ॅरागॉनची कॉन्स्टन्स, हंगेरीच्या राजाची विधवा होती आणि वयाने बरीच मोठी. सिसिलीत त्या पोराचा हुकूम फारसा कोणी मानत नव्हते. तिच्याबरोबर 500 सरदार-स्वार येणार, हे या सोयरिकीतले खरे आकर्षण. ते आले, पण पालेर्मोत रोगाच्या साथीने त्यांतले कितीतरी दगावले, तिचा भाऊही गेला.

1225 चे दुसरे लग्न जेरुसलेमच्या गादीसाठी. गादीची हक्कदार होती मुलगी इसाबेला. तिचा बाप जॉन केवळ बायकोच्या हक्काने राजा झालेला. लग्न लागताच फ्रेडरिकने सासऱ्याला बाजूला सारून राजा हा किताब स्वतःकडे घेतला. मात्र 1228 मध्ये मुलगा कॉनराड याच्या जन्मानंतर काही दिवसांतच इसाबेला वारली आणि कायद्याने गादी त्या तान्ह्या मुलाची झाली. बापाकडे उरला तो कारभार. तरीही 18 मार्च 1229 रोजी त्याने जेरुसलेमला मुकुट चढवलाच. वंशावळीत कॉनराड भलत्याच राणीखाली दाखवला, तर हे सगळे प्रकरण कळेनासे होते.

तिसरी राणीही इसाबेलाच, इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीची बहीण. 1235 मध्ये वर्म्सला लग्न झाले. हुंडा 30,000 मार्क. लेखात याला 'नाणी' म्हटले आहे, पण मार्क नावाचे नाणे तेव्हा इंग्लंडात नव्हते. तो हिशेबाचा आकडा. एक मार्क म्हणजे 160 पेनी, म्हणून एकूण 48 लाख चांदीच्या पेनी. एक पेनी साधारण दीड ग्रॅमची धरली तर ही चांदी सात टनांच्या घरात जाते. एवढी रक्कम एकदम कुठून येणार? ती हप्त्यांनी द्यायची ठरली, आणि त्यासाठी हेन्रीने जहागिरींवर खास पट्टी बसवली.

फ्रेडरिकची प्रेयसी बियांका लान्चिया हिला चौथी राणी म्हणू नये. तिच्याशी उशिरा लग्न लागल्याचे सांगतात, पण चर्चने ते मानले नाही. तिचा मुलगा मानफ्रेड याच्या हक्कावर विरोधक बोट ठेवत राहिले ते यामुळेच.

फ्रेडरिकचा वंश 1268 मध्ये संपला, हे लेखातले वाक्यही अर्धेच. त्या वर्षी नेपल्सला कॉनराडचा मुलगा, 16 वर्षांचा कॉनराडिन, याचा शिरच्छेद झाला आणि औरस पुरुषशाखा खुंटली. ‘दत्तक का नाही घेतला’, असे वडोदऱ्याच्या वाचकाच्या मनात येणारच. 1875 मध्ये महाराणी जमनाबाईसाहेबांनी कवळाण्याहून दत्तक आणलेला मुलगा, म्हणजे सयाजीराव गायकवाड, इथे गादीवर बसला. पण तिकडच्या सरंजामी कायद्यात दत्तकाला जहागीर मिळत नसे, आणि जर्मन राजपद तर सरदारांच्या निवडीने ठरायचे. मुलीकडून मात्र हक्क पुढे चालला: मानफ्रेडची मुलगी कॉन्स्टन्स अ‍ॅरागॉनच्या पेद्रोला दिलेली होती, आणि 1282 मध्ये त्याने सिसिली घेतली ती तिच्या हक्कावर.

दुरुस्त वंशावळ छापावी, ही विनंती. फ्रेडरिकच्या आईचे नावही कॉन्स्टन्सच, म्हणून तीत प्रत्येक कॉन्स्टन्सपुढे ‘आई’, ‘पहिली राणी’, ‘नात’ असे लिहावे आणि दोन्ही इसाबेलांपुढे माहेर. फ्रेडरिकचा थोरला मुलगा हाइनरिश याच्या नावापुढचा ‘सातवा’ कंसातच ठेवावा. तो बापाच्या हयातीतच पदच्युत झाला आणि तो आकडा पुढे लक्झेंबर्गच्या हाइनरिशला मिळाला.

— इतिहासाचे काही वाचक, दांडिया बाजार, वडोदरा