पगाराचे खाते कर्जाच्या बँकेत नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

हप्ते थकलेल्या माणसाने सगळ्यात आधी काय करावे, असे मला कोणी विचारले तर मी एकच सांगते. ज्या बँकेचे आपल्याकडे एका पैशाचेही देणे नाही अशा बँकेत साधे बचत खाते उघडा आणि पगार तिकडे वळवा. तडजोडीची बोलणी, वन टाइम सेटलमेंट (एकरकमी तडजोड), नादारीचा म्हणजे दिवाळखोरीचा अर्ज, हे सगळे त्यानंतर. माझी नोकरी बँकेतली. आधी बरीच वर्षे काउंटरवर होते, मग कर्ज विभागात. निवृत्त झाल्यापासून ओळखीपाळखीची माणसे कागदांच्या पिशव्या घेऊन येतात. खात्याची ही गोष्ट त्यांतल्या बहुतेकांना कोणी सांगितलेली नसते, म्हणून हे पत्र.

माझ्या मामेभावाच्या मुलाचेच सांगते. त्याला विचारून लिहिते आहे. कारखान्यात कायम नोकरी. पगाराचे खाते, पर्सनल लोन आणि क्रेडिट कार्ड तिन्ही एकाच बँकेत, कारण पगार तिथे जमा होतो म्हणूनच लोन चटकन मंजूर झाले होते. वडिलांच्या आजारपणात कार्ड भरपूर वापरले गेले, दवाखान्याच्या फेऱ्यांत ओव्हरटाइम बुडाला आणि हप्ते तुंबले. मग एका महिन्यात पगार जमा झाला आणि पासबुकात त्या ओळीखाली त्याच तारखेची दुसरी ओळ उमटली, 'लोन रिकव्हरी'. तिच्याखाली हप्ता परत गेल्याचा दंड, त्याखाली त्या दंडावरचा जीएसटी. शेवटच्या रकान्यातल्या शिलकीत घरभाडेही भागत नव्हते. पासबुक माझ्यापुढे ठेवून तो म्हणाला, "आत्या, न विचारता असे घेता येतात का पैसे?"

येतात. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १७१ ने बँकेला ग्राहकाच्या ठेवीवर धारणाधिकार, म्हणजे देणे फिटेपर्यंत ती रोखून धरण्याचा हक्क, दिला आहे, आणि एका खात्यातले देणे दुसऱ्या खात्यातल्या जमेतून वळते करून घेण्याचा हक्क बहुतेक कर्जकरारांत बारीक अक्षरात लिहिलेला असतो. आपण सही तिथेच केलेली असते. कधी बँक रक्कम वळती करत नाही, नुसते लीन लावते. अशा वेळी मोबाइलवर शिल्लक दिसते, पण एटीएममधून शंभर रुपयेही निघत नाहीत. मुलाची फी भरायच्या दिवशी माणसाला हे कळते.

मला सगळ्यात जास्त खुपते ते पुढचे. हीच बँक कोर्टात गेली असती तर तिला एवढे मिळाले नसते. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० सांगते की पोटगीचा हुकूमनामा सोडला तर पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्यातले दोन तृतीयांश जप्त करता येत नाहीत. २५ हजार पगार असेल तर ढोबळमानाने जास्तीत जास्त ८ हजार जप्त होतील, १७ हजार घरात येतील. तीही जप्ती एका हुकूमनाम्यासाठी २४ महिन्यांपलीकडे चालत नाही. निवृत्तिवेतन, ग्रॅच्युइटी, भविष्यनिर्वाह निधी यांना तर जप्तीपासून पूर्ण संरक्षण आहे. निवृत्तीचे पैसे मुदत ठेवीत गुंतवले तरी ते संरक्षण जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. न्यायाधीशांनी दोन्ही बाजू ऐकूनही ज्या पैशांना हात लावता येत नाही, ते शाखेतल्या संगणकावर एका नोंदीत निघून जातात. बँका म्हणतात, ही जप्ती नाही, हा करारातला हक्क आहे. ज्याच्या घरी महिन्याचा किराणा भरायचा आहे त्याला या फरकाने काय मिळते?

म्हणून वेगळे खाते. ते उघडताना लोक कुठे अडखळतात तेही लिहिते.

पहिली भीती सिबिलची, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवरून मिळणाऱ्या स्कोअरची. बचत खाते म्हणजे कर्ज नव्हे. त्याला केवायसीचे कागद लागतात, चांगला स्कोअर लागत नाही. शाखेत कोणी टाळाटाळ केली तर 'बेसिक सेव्हिंग्ज बँक डिपॉझिट अकाउंट' हवे असे स्पष्ट म्हणावे आणि अर्ज लेखी द्यावा. रिझर्व्ह बँकेने २०१२ पासून हे खाते सर्वांसाठी खुले ठेवायला सांगितले आहे. त्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही, एटीएम कार्ड फुकट मिळते, महिन्यातून किमान चार वेळा पैसे काढता येतात. मात्र त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही. अडचणीतल्या माणसाला किमान शिलकीचा दंड नाही हेच मोठे, कारण रिकाम्या खात्यात असे दंड साचत जातात आणि पुढचा पगार आला की आधी ते कापले जातात.

पोस्टाचा विचार फार कमी लोक करतात. पोस्टाचे बचत खाते ५०० रुपयांवर चालते आणि पोस्टाने आपल्याला कर्जच दिलेले नसते, त्यामुळे वळते करायला तिथे काही नाही. पेमेंट्स बँका म्हणजे फक्त छोट्या ठेवी आणि पैसे पाठवण्याचे काम करणाऱ्या बँका; त्यांना तर कर्ज द्यायची परवानगीच नाही. दिवसअखेर २ लाखांपर्यंत शिल्लक ठेवता येते, आणि हप्ते थकलेल्या घराला त्याहून जास्त कशाला लागते! पतसंस्थेत मात्र पगार नेऊ नये. तिथल्या ठेवींना बँकांसारखे ५ लाखांचे विमा संरक्षण नाही.

बँक निवडताना एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती विलीनीकरणाची. देना आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात गेल्या. वर्षभराने आंध्र आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत, सिंडिकेट बँक कॅनरात, अलाहाबाद बँक इंडियन बँकेत, ओरिएंटल आणि युनायटेड बँक पंजाब नॅशनल बँकेत गेल्या. जुन्या पाटीच्या बँकेतून घेतलेले कर्ज आज कोणाच्या वहीत आहे ते बघूनच नवे खाते उघडावे. मित्राला जामीन राहिलात ती बँकही टाळावी. जामीनदाराचे देणे कर्जदाराइतकेच असते, हे मी कर्ज विभागात बसून किती जणांना सांगितले असेल! सही करताना कोणालाच ते खरे वाटत नाही.

खाते उघडले की पगार वळवण्याचा अर्ज कार्यालयात द्यायचा. इथे कर्जाच्या वेळी दिलेले कागद नीट वाचावेत. पगार याच बँकेत जमा होईल असे हमीपत्र मालकाने दिले असेल तर कार्यालय बँकेचा ना हरकत दाखला मागते. तो मिळत नसेल तर निदान बँकेला लेखी कळवून, घरखर्चापुरती रक्कम सोडावी अशी मागणी करावी आणि पोच घ्यावी. सहकारी पतपेढीचे कर्ज असेल तर तिचा हप्ता महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४९ प्रमाणे मालक परस्पर कापतो. खाते बदलून ती कपात थांबत नाही. आधारशी जोडलेले खातेही बदलून घ्यावे. सरकारी योजनांचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच येतात, मग आपण नवे खाते कुठेही उघडलेले असो. यूपीआयवरही तेच. भाऊ मदत म्हणून पैसे पाठवतो आणि ते जुन्या खात्यात पडून लीनखाली अडकतात, असे मी पाहिले आहे.

आता कोणी म्हणेल, बाई कर्ज बुडवायला शिकवताहेत. मला ते मुळीच मान्य नाही. जुने खाते रिकामे ठेवून गप्प बसणे धोक्याचे आहे, हेही मी तितक्याच ठामपणे सांगते. चेक परत गेला तर चलनक्षम दस्तऐवज कायद्याचे कलम १३८ आहेच, आणि हप्ता खात्यातून आपोआप कापण्याचा बँकेत दिलेला आदेश (पूर्वीचा ईसीएस, आताचा नॅच) पैसे नसल्याने परत गेला तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा २००७ च्या कलम २५ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. म्हणून खाते उघडले त्याच आठवड्यात बँकेला पत्र द्यावे: माझे उत्पन्न इतके, घरखर्च इतका, दरमहा इतके भरू शकतो, हप्ता कमी करून मुदत वाढवावी. आणि त्या पत्रात लिहिलेला आकडा दर महिन्याला न चुकता भरावा. पैसे लपवण्यासाठी हे खाते नाही. घर चालवून उरलेले पैसे आपल्या हाताने भरता यावेत, एवढ्यासाठी ते आहे.

बायकोच्या, भावाच्या, मेहुण्याच्या नावावर पैसे किंवा जागा फिरवणाऱ्यांना तर मी हात जोडून थांबवते. पुढे नादारीत जायची वेळ आली तर प्रांतिक नादारी कायदा १९२० च्या कलम ५३ खाली अर्जाआधीच्या दोन वर्षांतली अशी हस्तांतरणे रद्द होऊ शकतात, आणि एकाच सावकाराला झुकते माप देऊन तीन महिन्यांत फेडलेली रक्कमही कलम ५४ खाली परत मागवता येते. स्वतःच्या नावाचे, पॅन जोडलेले, पगार जमा होणारे खाते मात्र कोणत्याही कोर्टात उघडपणे दाखवता येते. शिवाय कलम ६० ने जप्तीतून वगळलेली मालमत्ता नादारीतही कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरकडे जात नाही.

हा कायदा १९२० चा आहे. ५०० रुपये कर्ज असलेल्याला अर्ज करता येतो, असे त्यात अजून लिहिलेले आहे. मुंबईला तर १९०९ चा वेगळा कायदा लागू. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत सामान्य माणसासाठी आख्खा तिसरा भाग लिहून ठेवला आहे. अर्ज करताच वसुली थांबते, आणि अगदी गरिबासाठी 'नवी सुरुवात' म्हणून वेगळी तरतूद आहे. पण १ डिसेंबर २०१९ पासून तो भाग लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना. कारखान्यातला कामगार, शाळेतला शिपाई, छोटा दुकानदार अजून वाट पाहतो आहे.

दुसरीकडे काय आहे बघा. जर्मनीत १ जुलै २०१० पासून कोणीही आपले चालू खाते 'संरक्षित खाते' करून मागू शकतो, आणि बँकेला ते करून द्यावेच लागते. दरमहा एका ठरावीक रकमेपर्यंत त्या खात्याला जप्ती लागू होत नाही; घरात सांभाळायची माणसे असतील तर ती रक्कम वाढते. एका माणसाला असे एकच खाते. फ्रान्समध्ये खाते नाकारले गेले तर तिथली मध्यवर्ती बँक एखाद्या बँकेला नेमून देते. हा हक्क १९८४ पासून आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये मे २०२१ पासून कर्जदाराला ६० दिवसांचा श्वास घ्यायला वेळ मिळतो, आणि तिथल्या मोठ्या बँका केवळ दिवाळखोर आहे म्हणून कोणाला मूलभूत खाते नाकारू शकत नाहीत. या देशांतल्या बँका त्यामुळे बुडाल्या नाहीत.

आपल्याकडेही हे करता येते, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले पैसे जमा झाले आणि काही ठिकाणी बँकांनी ते जुन्या थकबाकीत वळते केले. ओरड झाली, तेव्हा सरकारने बँकांना असे करू नका म्हणून सांगितले. एका योजनेच्या पैशांबाबत जे सांगता आले ते पगाराबाबत का सांगता येऊ नये? माझी मागणी मोठी नाही. कलम ६० पगारातला जेवढा भाग कोर्टाच्या हातूनही वाचवते, तेवढा भाग बँकेने स्वतःच्या हक्काखालीही वळता करू नये, आणि बाकीचे घेण्याआधी ग्राहकाला लेखी सूचना द्यावी, असा आदेश रिझर्व्ह बँकेने काढावा.

तोवर ज्यांचे पगार कापले गेले आहेत त्यांनी शाखेत लेखी तक्रार द्यावी आणि ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. त्याला फी नाही आणि वकीलही लागत नाही.

आपल्याला विनंती अशी की अर्थविषयक पानावर बँकांना एक प्रश्न जाहीरपणे विचारावा: थकीत कर्जदाराच्या पगारातले किती पैसे तुम्ही त्याच्या घरासाठी सोडता, आणि ते कोण ठरवते? मी ज्या ज्या शाखेत विचारले तिथे मला "मॅडम, सिस्टीम कापते" एवढेच उत्तर मिळाले.

आपली नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी