सूचना : शनिवारची नागपूरच्या महाल भागातली रात्रफेरी

सर्व सभासदांनो, येत्या शनिवारी संध्याकाळी ७.३० वाजता गांधी गेटच्या आतल्या बाजूला, म्हणजे जुन्या जुम्मा दरवाज्यापाशी जमायचं आहे. तिथून चिटणीस पार्क, मग बडकस चौक. ७.४० ला निघू, कोणासाठी थांबणार नाही.

• कार आणू नका. महालातल्या बोळांत समोरून एक मालवाहू ऑटो आला की दोन्हीकडची वाट बंद होते. दुचाकी एकावर दोघं, हेल्मेट घालूनच.

• जुने वाडे बाहेरूनच पाहायचे. आत माणसं राहतात. दारात घोळका करून खिडक्यांवर फ्लॅश मारू नका.

• जेवण सावजीत, म्हणजे झणझणीत नागपुरी रश्शाच्या खानावळीत. रश्शावर बोटभर लाल तर्री, म्हणजे तिखट तेलाचा तवंग असतो. ज्यांना झेपत नाही त्यांनी ताट येण्याआधीच "तर्री कमी" सांगावं. वाढल्यावर वरून पाणी ओतलं तर चव जाते, जाळ तसाच राहतो. पोटाला आधार म्हणून भाकरी घ्या. पांढरे कपडे, तुमची मर्जी!

• दहानंतर मेट्रोच्या भरवशावर राहू नका. ऑटोचं भाडं बसण्याआधी ठरवा, सुटे पैसे ठेवा. एकट्या जाणाऱ्यांनी घरी पोचल्यावर गटावर "पोचलो" एवढं टाकावं. अडचण आलीच तर ११२.

येणाऱ्यांनी शुक्रवारी रात्रीपर्यंत नाव कळवावं, टेबल सांगायचं आहे.