मांडववाल्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला आलं की तुम्ही "आधी चहा घे" म्हणून विषय बदलता, म्हणून हे जाहीर पत्र. नाव घालू नको म्हणालात, घालत नाही. कोल्हापुरात मंगळवार पेठेत मांडववाले मामा म्हटलं की कळतंच सगळ्यांना.

मे महिना म्हणजे तुमच्या धंद्याचे ऐन दिवस. एकेका तिथीला दोन-तीन मांडव. त्यात आम्ही पोरं येऊन सांगतोय की तालमीमागच्या पटांगणात इराणी, जपानी सिनेमे दाखवायचेत आणि खिशात फारसं काही नाही. आधी एकाने "मुहूर्त संपले की या" म्हणून वाटेला लावलं होतं. मुहूर्त सरेपर्यंत मृग लागतो, मग उघड्यावर कसला सिनेमा! तुम्ही एवढंच विचारलंत, "पडदा केवढा? आणि वारं कुठनं येतंय?"

त्या वाऱ्याच्या प्रश्नानंच आम्हाला तारलं. पडद्याची वरची कड तुम्ही बांबूला आवळून बांधलीत, पण खालची कड सुतळीनं न बांधता सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी ओढलीत. वारं आलं की कापड जरा फुगायचं आणि परत जागेवर यायचं. पाठीमागच्या रस्त्यावरचा दिवा आरपार दिसत होता, तर काळं अस्तर लावून दिलंत. वळीव आला त्या संध्याकाळी तुमच्या पोरांनी पडदा उतरवून, घडी घालून, प्रोजेक्टरवर ताडपत्री टाकेपर्यंत आम्ही नुसते "अरे, अरे" करत उभे होतो. पाऊस थांबल्यावर सगळं पुन्हा उभं केलंत. सिनेमा उशिरा लागला, पण माणसं हलली नाहीत.

डॉल्बी मागितला असता तरी तुम्ही दिला असता. पण जपानी दिग्दर्शक ओझूचा 'टोकियो स्टोरी' थोडा बघून तुम्हीच म्हणालात, "ह्यात कोण ओरडत न्हाई, बारके बॉक्स बास झाले." 1953 चा सिनेमा. म्हातारा-म्हातारी पोरांकडं टोकियोला जातात आणि पोरांना वेळ नसतो. पेठेतल्या आज्यांना वेगळं काही समजावायला लागलं नाही. ओझूचा कॅमेरा जमिनीलगत असतो, चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या आसपास. आम्ही हे पुस्तकात वाचलेलं. तुम्ही पडद्याकडं बघून म्हणालात, "हा गडी खाली बसून बघतोय की," आणि पुढच्या खुर्च्या काढून सतरंज्या टाकल्यात. एवढं नेमकं परीक्षण मी कुठं वाचलेलं नाही.

इराणी दिग्दर्शक किआरोस्तामीच्या 1987 च्या 'व्हेअर इज द फ्रेंड्स होम' ला तर पोरांनी धमाल केली. चुकून घरी आलेली मित्राची वही परत द्यायला अहमद दुसऱ्या गावात हिंडतोय, कुणी मोठं माणूस त्याचं धड ऐकून घेत नाही. खालची इंग्रजी अक्षरं आमच्यातली एकजण माइकवर मराठीत सांगत होती, पण पोरं तिच्या पुढं. एकजण उभा राहून ओरडला, "आरं, तिकडं न्हाई, माघारी फीर!" त्याला गप्प करायला गेलो तर तुम्हीच मला गप्प केलंत.

कोल्हापूरला कलापूर म्हणायची आपल्याला भारी हौस. 1929 ला प्रभात फिल्म कंपनी इथं सुरू झाली, हे कुणीही चहाच्या टपरीवर सांगेल. पण बाबूराव पेंटरांची सुरुवात नाटकांचे पडदे रंगवण्यापासून झाली, मग इथंच कॅमेरा तयार करून त्यांनी 1920 ला 'सैरंध्री' आणला, हे मला तुम्ही शिडीवर चढलेले असताना आठवलं. मोठ्या नावांच्या यादीत पडदा बांधणारा कधी येत नाही. आमच्या यादीत तुम्ही वर आहात.

पुढच्या उन्हाळ्यात तैवानचे सिनेमे आणायचा विचार आहे. तुमच्या मांडवांच्या तारखा बघून मोकळा वार तुम्हीच सांगा, त्या वारी लावू. आणि बिलात नुसतं टेंपोचं डिझेल लावलंत, ते यापुढं चालणार नाही. तुमच्या पोरांची मजुरी घ्यायचीच. नाही घेतलीत, तर पैसे थेट मामींच्या हातात देणार, आत्ताच सांगून ठेवतो.

तुमचीच,
पटांगणातली सिनेमावाली पोरं