डाळ-अंडी बंद करून कॅन्सर उपाशी मरत नाही

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय की ठराविक अमिनो अ‍ॅसिड (प्रोटीन ज्यापासून बनतं तो घटक) पोटात जाऊ दिलं नाही की कॅन्सरची गाठ उपाशी मरते, आणि लोक खरंच पेशंटची डाळ, अंडी, दूध बंद करतायत म्हणून लिहितेय. सगळंच खोटं आहे असं नाही. १९५३ साली अमेरिकेत संशोधक जॉन किड यांना दिसलं की गिनीपिगच्या सीरमने (रक्तातल्या पातळ भागाने) उंदरांच्या लिम्फोमाच्या (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरच्या) गाठी जातात, पुढे कळलं की हे काम अ‍ॅस्पॅरॅजिनेज या एन्झाइमचं. ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) पेशींना अ‍ॅस्पॅरॅजिन हे अमिनो अ‍ॅसिड स्वतःला पुरेल इतकं बनवता येत नाही, त्या रक्तातून घेतात, आणि हे एन्झाइम रक्तातलंच संपवून टाकतं. लहान मुलांच्या ल्युकेमियात हे इंजेक्शन आजही देतात, पण बाकी केमोसोबत, आणि लिव्हर, स्वादुपिंड, अ‍ॅलर्जी सगळ्यावर लक्ष ठेवून. जेवणातून हे कसं जमणार, अ‍ॅस्पॅरॅजिन तर आपलं शरीर स्वतःच तयार करतं! सेरीन, मेथिओनिन ही दुसरी अमिनो अ‍ॅसिड कमी करून उंदरांवर चांगले रिझल्ट आलेत, माणसांवर नीट अभ्यास व्हायलाच हवा, पण केमोत आधीच वजन घटतं, त्यात प्रोटीन काढलं तर ट्रीटमेंट सोसायची ताकदच राहत नाही. तुमच्या आरोग्य पुरवणीत कॅन्सर हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञांकडून यावर लिहून घ्या ना, प्लीज.

– एक वाचक, नाशिक