निळ्या दोऱ्याचं पोतं

कोबान, आल्ता वेरापास, ग्वाटेमाला
१७ नोव्हेंबर, रात्री उशिरा

प्रिय बंडा,

आधी काय शिव्या घालायच्या त्या घालून घे. दीड वर्षात तुला चार ओळी लिहिल्या नाहीत. तुझ्या अण्णांच्या वर्षश्राद्धाला मोबाईलवरून नुसते जोडलेले हात पाठवले आणि तू त्याला उत्तर दिलं नाहीस, ते बरोबरच केलंस. तब्येत ठीक. साखर जरा वर, गुडघा जरा खाली. बास.

कागदावर लिहितोय कारण फोनवर तू दोन वाक्यांत विषय मिटवतोस आणि तिसऱ्या वाक्याला मी गुळमुळीत होतो. आमचा एक माणूस पुढच्या आठवड्यात मुंबईला निघालाय, त्याच्या बॅगेतून हे पाकीट येईल. परवा आमच्या वेलचीच्या वखारीत एक गोष्ट घडली. बायकोला फोनवर सांगितली, तर म्हणाली, "मग त्यात काय झालं?" म्हटलं, ही बंडालाच सांगायला हवी.

आधी मुलूख डोळ्यांपुढे आण. तुला वाटतं मी अमेरिकेत आहे. गोंद्या तर गावभर तसंच सांगत सुटलाय. अरे, हा जिल्हा क्षेत्रफळानं आपल्या सांगली जिल्ह्याएवढाच, साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. माणसं मात्र निम्मीसुद्धा नाहीत, बारा लाखांच्या थोडी वर. सगळा चुनखडीचा डोंगराळ भाग. उकडीचे मोदक ताटात शेजारी-शेजारी मांडावेत तशा टेकड्या, आणि मोदकांच्या मधल्या खड्ड्यांत मका. पाणी वर थांबतच नाही. ओढा चांगला खळखळत येतो आणि एखाद्या बिळात शिरून गडप होतो. सेमुक चाम्पेय म्हणून एक जागा आहे, तिथे काहाबोन नावाची अख्खी नदी खडकाखाली जाते आणि तीनेकशे मीटर पुढे बाहेर येते. तिच्या डोक्यावरच्या दगडी पुलावर हिरव्या-निळ्या पाण्याची कुंडं साचलीत. लोक तिथे पोहायला येतात. मी गुडघ्यापर्यंत उतरलो आणि वर आलो. हसू नकोस, कृष्णेच्या घाटावरसुद्धा मी पायरी सोडली नाही हे तुला ठाऊक आहे.

कोबान गाव तेराशे मीटर उंचीवर. पाऊस असा की छत्री उघडावी तर लाज वाटते, न उघडावी तर तासाभरात ओलेचिंब. त्याला हे लोक 'चिपी-चिपी' म्हणतात. माझे बनियन तीन-तीन दिवस वाळत नाहीत. राजधानीहून येताना पुरुल्याच्या आसपास ढगातलं रान लागतं. केत्साल पक्षी तिथेच राहतो, इथल्या चलनालाही त्याचंच नाव. तीन वर्षांत मला एकदाही दिसला नाही. नोटेवर रोज बघतो, आणि तिथूनही तो लगेच उडून जातो.

लोक केक्ची. माया लोकांतलेच, पण भाषा यांची स्वतःची. पलीकडे ताक्तीक, सान क्रिस्तोबालकडे पोकोमची बोलतात. स्पॅनिश दुकानापुरती, कचेरीपुरती. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटतात आणि त्याच्या तोर्तिया थापतात. घरमालकीण आजी हातावर थापायला लागली की मला तुझी आई आठवते, फक्त इथे भाकरी बशीएवढी. टर्कीचा लालभडक रस्सा करतात, काकइक म्हणतात त्याला. त्यात इथली धुरावलेली कोबानेरो मिरची. आपल्या सांगलीच्या माणसाला पहिल्या घासाला ठसका लागावा म्हणजे बघ.

आणि वेलची! साऱ्या जगात वेलची परदेशी पाठवण्यात हा देश पहिला, आणि त्यातली मुख्य आल्ता वेरापासची. आली कुठून, तर आपल्याकडून. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास एका जर्मन मळेवाल्यानं इथे आणली. त्याआधी इथे जर्मनांचं कॉफीचं राज्य होतं. केक्ची लोकांच्या जमिनी मळ्यांत गेल्या आणि ते आपल्याच डोंगरावर मजूर झाले. दुसऱ्या महायुद्धात सरकारनं जर्मनांचे मळे ताब्यात घेतले, कित्येकांना हद्दपार केलं. नावं तेवढी राहिली. आमच्या वजनकाट्यावरचा पोरगा अगदी केक्ची चेहऱ्याचा, आणि आडनाव असं जर्मन की माझी जीभ वळत नाही.

गंमत म्हणजे वेलची इथे कुणी खात नाही. सगळी आखातात जाते, अरबांच्या कॉफीत. मी आजीला पहिल्यांदा वेलचीचा चहा करून दिला, तर तिनं एक घोट घेतला आणि काळजीनं विचारलं, कसलं दुखणं आहे तुला?

वेलची तुझ्या हळदीची चुलत बहीण, हे तुला माहीत असेलच. पान बघितलंस तर फसशील. फुलं-फळं मात्र बुंध्यापाशी, जमिनीलगत सरपटणाऱ्या दांड्यांवर. खाली बसून एकेक बोंड खुडावं लागतं. ओल्या बोंडाला इथे 'सेरेसा' म्हणतात, वाळलेल्याला 'पेर्गामिनो'. ओली पोती लवकर भट्टीवर गेली नाहीत तर आतून तापतात, हिरवा रंग पिवळा पडतो, मग भाव उतरला. गावोगाव फिरून उचल करणाऱ्या दलालाला 'कोयोते' म्हणतात, म्हणजे कोल्हा. आपल्याकडे निदान अडत्या म्हणून मान द्यायचे. माझं काम काय, तर माल बघायचा आणि नंबर सांगायचा: पहिला, दुसरा, तिसरा. आमच्या तात्यांची हळदीची गादी बुडाली, वाशीच्या मसाला मार्केटात वीस वर्षं घासली, आणि साठीला टेकल्यावर हे.

परवा संध्याकाळी काहाबोनच्या बाजूचा एक म्हातारा आला. तीन पोती ओला माल. त्यातलं एक त्यानं स्वतः आणलेलं, कपाळावर चामड्याचा पट्टा लावून, त्याला 'मेकापाल' म्हणतात. उरलेली दोन कुणाच्या तरी गाडीतून आली. वाटेत दरड कोसळली म्हणून एक रात्र रस्त्यावर काढलेली. बरोबर आठेक वर्षांची नात. त्यानं पट्टा कपाळावरून उतरवला, तिथे लाल वळ होता, आणि मला विचारलं, "मा सा ला चोओल?" केक्चीत भेटल्यावर असंच विचारतात. तुझ्या हृदयाला बरं वाटतंय ना, असा त्याचा अर्थ. मी आपलं पाठ केलेलं उत्तर दिलं, "सा, बान्तिओश." बरं आहे, आभार.

मग पोत्यात हात घातला. कोपरापर्यंत. आत ऊब. काही बोंडांवर किडीची तपकिरी खरूज. एक उचललं, अंगठ्याच्या नखानं फोडलं, नाकाशी नेलं आणि खाली टाकलं. दुसरं फोडलं, टाकलं. असं सात-आठ वेळा. "तेर्सेरा," म्हटलं. तिसरा.

म्हातारा म्हणाला, "उस." म्हणजे बरं. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नात मात्र खाली बसली आणि मी फेकलेली बोंडं एकेक करून उचलायला लागली. एक टेबलाच्या पायाशी गेलेलं, तिथे तिनं हात घातला. सगळी मुठीत घेऊन उठली आणि पोत्यात परत टाकली, वजनाआधी.

बंडा, आता तुला कळलं मी का लिहितोय.

८६ सालचा मार्च. अण्णांची नऊ पोती. तात्यांनी हळकुंड मोडलं, नाकाशी नेलं, खाली टाकलं. "नीट वाळली नाही, आतून ओल आहे." सौदा पाच मिनिटांत झाला, आणि घेणारा कोण, तर आमचा मामा. तू वाकून तो तुकडा उचललास आणि विजारीच्या खिशात घातलास. मी हसलो होतो. तुला आठवत नसेल तर मला आठवतं. नंतर विलिंग्डन कॉलेजच्या सायकल स्टँडवर तू मला म्हणालास, तुझ्या बापानं आमची हळद मारली. मी म्हटलं, पुरावा आण. तू माझ्या सायकलची हवा सोडलीस आणि दोन वर्षं बोलला नाहीस. (मिसळीचे चाळीस रुपयेही त्या दोन वर्षांत बुडाले, ते वेगळं.)

पुरावा होता. तो मी बघितला होता. सौद्यानंतर आठवडाभरानं तात्यांनी मला मामाच्या गोदामात निरोप घेऊन पाठवलं. एक नंबरची थप्पी लागली होती, मुंबईला जाणारी. त्यात खालून दुसऱ्या ओळीत निळ्या दोऱ्यानं तोंड शिवलेलं पोतं. सुतळी संपली म्हणून तुझ्या आईनं शिवणाचा दोरा चौपदरी करून वापरला होता, हे मी तुमच्या ओट्यावर बसून स्वतः बघितलेलं. मी त्या दोऱ्यावरून बोट फिरवलं. मामानं विचारलं, काय रे? मी म्हटलं, काही नाही. आणि त्याच संध्याकाळी तुझ्यासमोर येऊन "पुरावा आण" म्हणालो. अण्णा होते तोवर सांगायला हवं होतं. दरवर्षी दिवाळीला त्यांच्या पाया पडलो, दरवर्षी तोंडाशी आलं, आणि दरवर्षी त्यांनी हातावर लाडू ठेवला.

इथलं पुढचं ऐक. तो माल दीड दिवस भट्टीत होता. आज दुपारी बाहेर काढून चाळला. वाटला होता त्याहून बराच हिरवा निघाला. भट्टीवरच्या माणसानं निम्मा उचलला आणि दुसऱ्या नंबरच्या ढिगात ओतला. मला विचारलंही नाही, कारण नेहमी असंच होतं. मीही नेहमी बघतो. पैसे तिसऱ्याचे दिले, माल दुसऱ्यात गेला. आज मात्र मी ढिगासमोर उभा राहिलो आणि काही बोललो नाही. बत्तीस दात, तीन भाषा, आणि एक शब्द नाही.

तू म्हणशील, मग देऊन ये ना फरक. तेच दिवसभर डोक्यात घोळतंय. पावतीवर अंगठा आहे, नाव आहे, आणि गावाच्या जागी एका डोंगराचं नाव. इथे डोंगरालाच मालक मानतात, 'त्सुलताका', डोंगर आणि दरी मिळून एक देव. मका पेरायच्या आधी पोम नावाचा धूप जाळून त्याची परवानगी मागतात, आपल्या शेतातल्या म्हसोबाला नारळ फोडावा तशी. त्या डोंगरापर्यंत गाडीरस्ता नाही. ड्रायव्हरला विचारलं तर म्हणाला, "साहेब, तुम्ही पैसे घेऊन गेलात तर ते घाबरतील. त्यांना वाटेल जमिनीचं काहीतरी आहे." याच जिल्ह्यात पान्सोसला २९ मे १९७८ ला जमिनीचं गाऱ्हाणं घेऊन चौकात आलेल्या केक्ची शेतकऱ्यांवर लष्करानं गोळ्या झाडल्या. डझनांनी माणसं पडली, बायामुलंसुद्धा. आणि जिल्ह्याचं नाव काय, तर वेरापास. खरी शांतता! स्पॅनिश पाद्र्यांनी तलवारीशिवाय मुलूख जिंकला म्हणून सोळाव्या शतकात ठेवलेलं नाव. ड्रायव्हर हे सांगताना आरशातून माझ्याकडे बघत होता. मी खिडकीबाहेर बघितलं.

शिवाय एकाला फरक दिला तर बाकीच्यांचं काय? तीन हंगाम झाले, शेकडो पोती. आणि उलटंही आहेच: परवा पोतं खरंच तापलेलं होतं. कीड खरी होती. कुणीही तिसराच म्हटला असता. की वळ असलेलं कपाळ बघितलं की माझं नाक आधीच खालचा नंबर लावून मोकळं होतं? तात्यांचं व्हायचं का तसं? त्यांना विचारायची सोय नाही. आता ते आणि अण्णा वर एकाच बाकावर बसून तंबाखू मळत असतील, आणि भांडण आपल्या दोघांच्या गळ्यात.

नोकरी सोडेन असं वाटत असेल तर तसं काही नाही. घराचे हप्ते अजून आहेत. सकाळी भट्टीवाल्याशी बोलणार आहे, एवढं ठरवलंय. तो काय म्हणणार तेही माहीत आहे: "ढीग माझा नाही, कंपनीचा आहे." मामाही जवळपास हेच म्हणाला असता.

तुझं काय? चिमीचं ठरलं हे गोंद्याकडून कळलं, म्हणजे तू कळवलं नाहीस. फेब्रुवारीनंतर तारीख धर, हंगाम संपतो, मी येतो. मुलगा कोण, बँकेतला का? गुडघ्याचं ऑपरेशन टाळू नकोस. हळद यंदा किती लावलीस? हरिपूरकडे गेलास तर हळदीच्या ज्या पेवावर आपण बिड्या लपवायचो ते पुरानंतर उरलंय का ते बघून कळव. वहिनींना नमस्कार. हे पत्र त्यांना वाचायला दिलंस तरी चालेल, बिड्यांचं वाक्य सोडून.

मिसळीचे चाळीस रुपये व्याजासकट देणार आहे. हळदीचं काय देणार ते तू सांग.

त्या पोरीच्या हातून एक बोंड निसटलं होतं. आज टेबल सरकवलं तेव्हा फटीत मिळालं, माझ्याच नखानं फोडलेलं. या पाकिटात घातलंय. वाळून गेलं असेल, पण वास जात नाही लवकर. नाकाशी धर आणि कुठला नंबर ते कळव. तुझं नाक माझ्यापेक्षा बरं होतं.

तुझा,
सुध्या