रोंडाचा पाण्याचा जिना

रोंडा, स्पेन

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

मालागाहून साधारण १०० किलोमीटरचा डोंगररस्ता चढून काल आम्ही चौघे रोंडाला पोहोचलो. आईच्या गुडघ्यांमुळे येथे यावे की नाही यावर दोन दिवस खल चालला होता. शेवटी ‘मी वर बसून राहीन’ असे सांगून तिनेच तो मिटवला.

गाव खोल दरीने दुभंगलेले आहे आणि ते सांधणाऱ्या ९८ मीटर उंच पुलाचे नाव ‘पुएन्ते नुएव्हो’, म्हणजे नवा पूल. बांधकाम १७५१ मध्ये सुरू होऊन १७९३ मध्ये संपले, तरी नाव अजून नवेच. पुण्याच्या नव्या पुलाचे तरी वेगळे काय आहे म्हणा! त्याआधी, १७३५ मध्ये बांधलेला पूल सहाच वर्षांत कोसळून सुमारे ५० माणसे दगावली, हे कळल्यावर हिने मुलीचा हात सोडलाच नाही.

पण गडावर गेलास की तू बुरुजांआधी पाण्याची टाकी शोधतोस, म्हणून खरे लिहायचे ते जिन्याबद्दल. ‘मूर राजाचे घर’ म्हणवणाऱ्या वाड्याच्या बागेतून (मूर म्हणजे येथे पूर्वी राज्य करणारे मुसलमान; वाडा त्यांच्या राज्यानंतरचा, १८व्या शतकातला, तेव्हा मूर राजा त्यात राहणे शक्यच नाही) खडकाच्या पोटात कोरलेला १४व्या शतकातला जिना थेट ग्वादालेव्हीन नदीपर्यंत उतरतो. वेढा पडला की गुलामांनी याच पायऱ्यांवरून पाणी वर वाहायचे. १४८५ मध्ये ख्रिस्ती राजा फर्डिनांडच्या सैन्याने ही पाण्याची वाट तोडली आणि एवढे बेलाग गाव शरण आले.

हिला आईजवळ बसवून मुलगी आणि मी उतरलो. पायऱ्या ओलसर, उंची कमी-जास्त, उजेड झरोक्यांतून येईल तेवढाच. मुलगी पायऱ्या मोजत होती, पण दीडशेच्या पुढे तिचा हिशेब चुकला. तळाशी दार उघडते ते हिरव्या, जवळजवळ निश्चल पाण्यावर, आणि वर पाहिले तर दोन कड्यांमध्ये आभाळाची चिंधी.

परतताना तीनदा बसावे लागले. माझी दशा पाहून, लहानपणी माण तालुक्यात मैलभरावरून डोक्यावर दोन-दोन हंडे आणलेल्या आईने एवढेच विचारले, “पाणी कुठाय?”

घरी सर्वांना नमस्कार. कळावे.

तुझा,
सुहास