भज्यांची पैज

परभणी,
ज्येष्ठातला रविवार

जिवलग दोस्ता,

सप्रेम नमस्कार. रोज फोन होतोच, मग पत्र कशाला, म्हणशील. पण फोनवर सांगायला गेलो असतो तर तू मधेच "मी म्हणलो होतो की नाही" करून मोकळा झाला असतास. म्हणून लेखी देतोय.

माळा आवरताना दादांचा पत्र्याचा डबा सापडला. आत कार्बनचे बुडखे, तांब्याचा पातळ पत्रा चढवलेले. हातात घेतल्याबरोबर टॉकीजची केबिन आठवली, दादा सिनेमाचं मशीन चालवायचे ती. आपण दोघं दादांच्या मागं उकिडवे बसलेलो. लॅम्पहाऊसमध्ये, म्हणजे मशीनच्या दिव्याच्या पेटीत, कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर, मधे तो पांढराशुभ्र जाळ. ऐन मारामारीत तो जाळ फुसकारायला लागायचा, पडद्यावरचा उजेड हलायचा अन् खालून शिट्ट्या. तू म्हणायचास कार्बन ओला आहे. मी म्हणायचो जाळाला डीसी करंट पुरवणाऱ्या रेक्टिफायरची खोड आहे. एक प्लेट भज्यांची पैज. दादा मात्र काळ्या काचेतून बघत खुंटी नखभर फिरवायचे, कांड्या किंचित लांब जायच्या, फुसकारा बंद. कशानं थांबला विचारलं की म्हणायचे, "वारं लागलं होतं त्याला." आपण हसायचो. बंद पेटीत कुठलं आलंय वारं!

तर गड्या, याच फुसकाऱ्याच्या मागं एक बाई अनेक वर्षं लागली होती. हर्था आयर्टन. इंग्लंडातली, जन्म 1854 चा. बाप पोलंडहून आलेला ज्यू, घड्याळं दुरुस्त करायचा. ही सात वर्षांची असताना तो गेला. मागं सात लेकरं, आठवं आईच्या पोटात. आईनं शिवणकामावर घर ओढलं. तशातही ही नवव्या वर्षी लंडनला मावशीच्या शाळेत गेली. पुढं केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकली, परीक्षा पास झाली, पण बायकांना तिथं तेव्हा पदवीच देत नसत. पदवी 1881 मध्ये लंडन विद्यापीठाची घ्यावी लागली.

तिचं पहिलं पेटंट 1884 चं: रेघ हव्या तितक्या सारख्या भागांत वाटून देणारं साधन. पेटंटचा खर्च जड होता, तो मैत्रिणींनी उचलला. त्यातल्या एकीचं, बार्बरा बोडिकॉनचं नाव तिनं नंतर लेकीला ठेवलं. ती लेक 1945 मध्ये खासदार झाली. रात्रीच्या वर्गात वीज शिकवणारे प्राध्यापक विल्यम आयर्टन, त्यांच्याशीच लग्न झालं. त्यांना पहिल्या बायकोची मुलगी होती, तीही हिनंच वाढवली.

आता मुद्द्याचं. आर्कमध्ये, म्हणजे त्या दोन कांड्यांमधल्या जाळात, पॉझिटिव्ह कांडीच्या टोकाला खळगा पडतो आणि जास्तीत जास्त उजेड त्या खळग्यातूनच येतो, हे तर दादांनी आपल्याला दाखवलेलं. जाळ आखूड अन् करंट जास्त झाला की खळगा टोकावर मावत नाही, कडेनं बाजूला पसरतो. मग बाहेरची हवा थेट त्याच्यावर येते, हवेतला ऑक्सिजन तापल्या कार्बनला भिडतो, फुसकारा सुरू होतो आणि व्होल्टेज एकदम दहाएक व्होल्टनं पडतं. बाईनं नुसता तर्क लढवला नाही. बंद भांड्यात, बाहेरची हवा लागू न देता आर्क पेटवला तर तो गप्प. ऑक्सिजन सोडला की फुसफुस.

म्हणजे ओल नाही, रेक्टिफायरची खोडही नाही. वारंच लागत होतं त्याला! करंटचा थोडा संबंध आहे म्हणून अर्धी प्लेट माझी, असं मी म्हणू शकतो, पण जाऊ दे.

हा निबंध तिनं 1899 मध्ये लंडनच्या इलेक्ट्रिकल इंजिनिअरांच्या संस्थेत स्वतः उभं राहून वाचला आणि त्या संस्थेची पहिली बाई सभासद झाली. रॉयल सोसायटीची, म्हणजे लंडनच्या शास्त्रज्ञांच्या मानाच्या संस्थेची, मात्र तऱ्हा बघ. 1901 मध्ये तिचा निबंध एका पुरुषानं वाचायचा. 1902 मध्ये फेलो, म्हणजे तिथली सभासद, म्हणून नाव गेलं, तर वकिलांचा सल्ला घेऊन उत्तर आलं की लग्न झालेली बाई फेलो होऊ शकत नाही. आणि त्याच सोसायटीनं 1906 मध्ये तिला ह्यूज पदक दिलं! शोध तिच्या नवऱ्याचा म्हणून सांगणारेही होतेच. त्याची तिला फार चीड.

मला सगळ्यात आवडलं ते वाळूचं. गंगाखेडला गोदेच्या पात्रात वाळूवर कशा लहरी उमटलेल्या असतात, आपण त्यावरून अनवाणी पळायचो. तशाच लहरी तिनं समुद्रकाठी बघितल्या अन् घरी काचेच्या टाकीत पाणी हलवत बसली. 1904 मध्ये त्यावरचा निबंध रॉयल सोसायटीत तिनं स्वतः वाचला, तिथं स्वतः वाचणारी पहिली बाई. हलत्या पाण्यात उठणाऱ्या भोवऱ्यांच्या विचारातूनच पहिल्या महायुद्धात खंदकातला विषारी वायू हाकलायला कापडी पंखा केला. फार साधा, दांड्याला कापड. एक लाखाच्या वर पंखे आघाडीवर गेले. काही शिपाई म्हणे त्याची टर उडवायचे. 1923 मध्ये ती वारली, तोवर एकूण सव्वीस पेटंटं.

वाचून मला राहवेना. परवा दुकानात दोन बुडखे डीसी वेल्डिंग सेटला चिमट्यानं जोडले. आमच्या हिनं वेल्डिंगची काच माझ्या हातात दिली, एक स्वतः धरली. तुला ठाऊकच आहे, बोर्डवर नाव माझं असलं तरी जळालेल्या मोटरीच्या खाचांत तार भरते ती. जाळ आखूड केला, फुसकारला. नखभर लांब केला, गप्प. पुन्हा आखूड. तिसऱ्या वेळी ही म्हणाली, "द्या इकडं," आणि माझ्यापेक्षा सफाईनं करून दाखवलं. वर म्हणाली, "झालं समाधान? पाच अश्वशक्तीच्या तीन मोटरी जळालेल्या पडल्यात, शेतकरी संध्याकाळी दारात येऊन बसतील."

तेव्हा पैज दादांनी जिंकली. तू आषाढीला येशील तेव्हा भजी आपण दोघं मिळून आणू, अन् मिरची जास्तीची सांगू. त्यांना तशीच लागायची.

तुझा,
केबिनमधला जोडीदार